गाडी लावण्याची विद्या

इटालियन भाषेंत ‘अस्सेत्तो’ म्हणजे मांडणी किंवा ठेवण, आणि ‘कोर्सा’ म्हणजे शर्यत. या दोन शब्दांचें नांव धारण करणारा मोटारशर्यतीचा एक संगणकीय खेळ ‘कुनोस सिमुलाझिओनी’ या इटालियन मंडळीनें २०१४ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध केला. या मंडळीनें आपली कचेरी रोमनजीकच्या वाल्लेलुंगा शर्यतमार्गाच्या आवारांतच थाटली होती, आणि कित्येक शर्यतमार्गांची लेसर-किरणांनीं मोजणी करून रस्त्यांतील बारीक उंचवटेसुद्धां खेळांत उतरविण्यापर्यंत त्यांची निष्ठा गेली. त्याच खेळाचा धाकटा भाऊ ‘अस्सेत्तो कोर्सा कोम्पेतित्सिओने’ हा २०१९ सालीं बाहेर आला. शर्यतीचा खेळ म्हटला कीं त्याच्या नांवांत वेगाचा किंवा विजयाचा डांगोरा असावयाचा, असा आपला समज असतो. येथें नांव आहे तें शर्यतीपूर्वीं गाडीची जी जुळवाजुळव करावी लागते तिचें. ग्रंथाचें नांव ही ग्रंथकर्त्याच्या हेतूची पहिली साक्ष असते. तेव्हां या खेळाचें परीक्षण करावयाचें तर त्याच्या या जुळवाजुळवीच्या अंगाचेंच करणें न्याय्य होईल.

वाङ्मयविषयक मासिकानें खेळाची दखल कां घ्यावी, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. बोलपट नवा होता तेव्हां त्याच्याविषयींहि हाच प्रश्न विचारला जात असे. पूर्णेसारख्या रेल्वेच्या जंक्शनच्या गांवींहि आज सुशिक्षित घरांतील तरुण मुलें रात्रीचे दोन-दोन तास अशा खेळापुढें बसलेलीं दिसतात. वडीलमाणसें त्याला एक तर कालाचा अपव्यय म्हणतात, नाहीं तर निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देतात. या दोन्ही मतांत एक साम्य आहे. तें हें कीं, दोन्हीं मतें वस्तु न पाहतां बनविलेलीं आहेत. जी वस्तु आपल्या मुलांच्या बुद्धीचा इतका वेळ घेते ती त्या बुद्धीला काय देते व तिच्याकडून काय हिरावून घेते, हें पाहणें टीकाकाराचें कामच आहे.

मराठींत ‘गाडी लावणें’ म्हणजे ती एका जागीं उभी करणें. पण ‘लावणें’ या क्रियापदाला आपल्या भाषेंत दुसराहि एक उदात्त अर्थ आहे. आपण तंबोरा लावतों. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना व सतारींना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ते तंबोरे कारागिराच्या हातून कितीहि उत्तम उतरलेले असले तरी गवयानें ते स्वतः लावल्यावांचून मैफलीस उपयोगी पडत नाहींत. गवई आपल्या गळ्याच्या पट्टींत षड्ज धरतो. पंचम वर्ज्य असलेला मालकंस गावयाचा असेल तर पहिली तार पंचमाऐवजीं मध्यमांत लावतो. आणि जवारीचा दोरा केसभर मागेंपुढें सरकवून नाद मोकळा होईपर्यंत कान देऊन बसतो. गळा, राग आणि वाद्य या तिहींचा मेळ म्हणजे तंबोरा लावणें. शर्यतीच्या गाडींत गळ्याच्या जागीं चालविणाराचा हात असतो आणि रागाच्या जागीं मार्ग असतो. खेळाडू ज्याला ‘सेटअप’ म्हणतात तें हेंच. या अर्थीं ‘गाडी लावणें’ हा प्रयोग रूढ झाला तर मराठीचें कांहीं बिघडणार नाहीं.

आतां ही गाडी लावावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें? चाकांतील हवा, चाकांचा कल, स्प्रिंगांचा ताठपणा, धक्के शोषणाऱ्या नळ्यांची चाल, दोन बाजूंच्या चाकांना जोडून गाडीचें कलंडणें आवरणारा दांडा, पुढच्या व मागच्या ब्रेकांतील वांटणी, आणि वाऱ्याच्या जोरावर गाडीला जमिनीशीं दाबणारा पंख, अशा पंचवीस-तीस गोष्टी खेळाडूच्या हातीं दिलेल्या असतात. पाहणाराला वाटावें कीं हा नुसता आंकड्यांचा बाजार आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: गाडीचा भार कोणत्या क्षणीं कोणत्या चाकावर पडतो? आपल्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाहीं. बैलगाडींत कापूस भरतांना ओझें मागें गेलें कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें. पुढें आलें कीं बैलांच्या माना दबतात. तो चार गांठोडीं इकडचीं तिकडे करतो व हातानें जूं तोलून पाहतो. शर्यतीच्या गाडींत हें ओझें स्थिर नसतें. ब्रेक दाबला कीं तें पुढें धांवतें, वेग वाढविला कीं मागें, आणि वळणावर बाहेरच्या बाजूस.

पूर्णेच्या वाचकाला याचें एक उदाहरण घरचेंच आहे. निजामाच्या राज्यांत बांधलेली आपली रेल्वे दीर्घकाळ मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर होतें. पुढें हे मार्ग ब्रॉडगेज झाले व तें अंतर १६७६ मिलिमीटर झालें. सपाट वळणावर त्याच वजनाचा व त्याच उंचीचा डबा त्याच वेगानें नेला, तर आंतल्या रुळावरून बाहेरच्या रुळावर सरकणारा भार रुंद मार्गावर अरुंद मार्गाच्या सुमारें साठ टक्केच भरतो. भार जितका उंच तितका तो अधिक सरकतो, चाकांतील अंतर जितकें अधिक तितका कमी सरकतो. हा एकच नियम आगगाडीला, बैलगाडीला आणि शर्यतीच्या मोटारीला सारखाच लागू आहे.

यापुढील पायरी मात्र जराशी चमत्कारिक आहे, आणि ज्याला ती उमगली त्याला ही विद्या अर्धी आली असें समजावें. टायरवरचा भार वाढविला कीं त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणांत वाढत नाहीं. थोडी कमीच वाढते. केवळ समजुतीसाठीं कल्पित आंकडे घेऊं. चारशें किलो भाराखालीं एका टायरची पकड चारशें धरली, तर पुढच्या दोन टायरांची मिळून आठशें झाली. वळणावर भार सरकून एकावर सहाशें व दुसऱ्यावर दोनशें किलो झाले. पहिल्याची पकड साडेपांचशें झाली व दुसऱ्याची सव्वादोनशें राहिली. बेरीज पावणेआठशें. भार तितकाच, टायर तेच, आणि पकड मात्र पंचविसांनीं घटली! आतां पुढचा दांडा ताठ केला तर भाराच्या सरकण्याचा मोठा वांटा पुढल्या चाकांवर येतो, पुढली पकड घटते, आणि चक्र फिरवूनहि गाडीचें तोंड वळत नाहीं. मागचा दांडा ताठ केला तर उलट होतें व शेपूट सुटूं लागतें. जो हें जाणतो त्याला ‘पुढचा दांडा दोन अंगुळें सैल कर’ हा उपदेश कोणी द्यावा लागत नाहीं. तो स्वतःच तेथपर्यंत येतो.

परंतु नुसता नियम जाणून भागत नाहीं. आधीं गाडी काय करते आहे हें सांगतां आलें पाहिजे, आणि येथें ही विद्या आमच्या टीकाशास्त्राच्या अगदीं शेजारीं येऊन बसते. माझा एक विद्यार्थी हा खेळ खेळतो. आरंभीं तो म्हणे, “सर, ही गाडी वाईट आहे.” दोन महिन्यांनीं तोच म्हणूं लागला, “संथ वळणांत गाडी बरी वळते. पण वेगाच्या वळणाच्या मध्यावर पुढलें तोंड बाहेर सरकतें, आणि बाहेर पडतांना पुन्हां ठीक होते.” या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच त्याचें शिक्षण. पहिल्या वाक्यांत अभिप्राय आहे, दुसऱ्यांत निरीक्षण आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट. म्हणून दोष केवळ वेगवान वळणांतच दिसत असेल तर संशय पंखावर घ्यावा, आणि संथ वळणांतच दिसत असेल तर पंख सोडून दांडे व स्प्रिंगा तपासाव्या. निदान वर्णनांतूनच निघालें. कविता ‘छान आहे’ किंवा ‘रटाळ आहे’ एवढेंच लिहिणाऱ्या किती उत्तरपत्रिका आम्ही दरवर्षीं तपासतों! कोणत्या कडव्यांत, कोणत्या शब्दाशीं मन अडखळलें, हें सांगण्याची संवय त्या मुलांना कोणीं लावलेली नसते. या खेळानें ती एकाला तरी लावली, हें मला त्याचें थोर श्रेय वाटतें.

दुसरें श्रेय चुकीच्या स्वस्ताईचें आहे. खऱ्या शर्यतमार्गावर चुकीच्या मांडणीची किंमत टायरांनीं, पैशानें आणि प्रसंगीं हाडांनीं द्यावी लागते. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध शर्यतमार्ग २०११ सालीं उघडला व तेथें तीन वर्षें ‘फॉर्म्युला वन’ची शर्यत झाली, परंतु मराठवाड्यांतील मुलाला तेथें गाडी घेऊन जाण्याचा योग कोठून यावा? संगणकावर तो एका रात्रींत वीस मांडण्या बिघडवूं शकतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तीन-चार फेऱ्या माराव्या, टीप लिहावी, पटलें नाहीं तर पूर्वस्थितीवर यावें, ही प्रयोगशाळेंतील शिस्त तेथें आपोआप अंगीं लागते. ही परंपराहि जुनी आहे. १९८९ सालच्या ‘इंडियानापोलिस ५००’ या अमेरिकन खेळांतच गाडीची मांडणी बदलण्याची सोय होती; त्याच पॅपिरस संस्थेनें १९९८ सालीं १९६७ च्या हंगामावर रचलेला ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा खेळ तर त्याच्या काठिण्यासाठीं प्रसिद्ध झाला. २००८ सालीं सुरू झालेल्या ‘आयरेसिंग’नें एक मार्मिक भेद केला: कांहीं शर्यतींत सर्वांची मांडणी एकच ठरलेली, व कांहींत ज्याची त्यानें करावयाची. पहिलींत हाताची परीक्षा, दुसरींत हात व डोकें या दोहोंचीहि.

येथवर गुण झाले. परंतु ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला ती पुढेंच आहे. या विद्येभोंवतीं आज एक बाजार उभा राहिला आहे. निष्णात खेळाडूंनीं तयार केलेल्या मांडण्या महिनेवारी वर्गणी भरून मिळतात. गाडी निवडावी, मार्ग निवडावा, तयार मांडणी उचलून आपल्या खेळांत ठेवावी, कीं काम झालें. महाविद्यालयांत शिकविणाराला हा बाजार चांगलाच ओळखीचा आहे. मूळ कादंबरी न उघडतां तिच्यावरील ‘गाईड’ पाठ करून पहिल्या वर्गांत येणारे विद्यार्थी आम्हीं पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यानेंहि पुढें अशी वर्गणी भरली. त्याची फेरी सुमारें एका सेकंदानें जलद झाली, आणि त्याच्या बोलण्यांतून ‘कां’ हा शब्द नाहींसा झाला.

उसन्या उत्तराचें काय होतें याचा एक नमुना या खेळाच्याच इतिहासांत आहे. ‘कोम्पेतित्सिओने’ खेळणारांत बराच काळ एक आंकडा मंत्रासारखा प्रचलित होता: कोरड्या रस्त्यावर तापलेल्या टायरांत साडेसत्तावीस पौंडांच्या आसपास हवा असावी. २०२३ च्या एप्रिलांत कर्त्यांनीं खेळांतील टायरांची रचनाच बदलली, आणि योग्य हवा सव्वीस ते सत्तावीस पौंडांवर आली. ज्यांनीं आंकडा पाठ केला होता त्यांच्या साऱ्या मांडण्या एका दिवसांत शिळ्या झाल्या. ज्यांना त्या आंकड्यामागचें कारण ठाऊक होतें त्यांना फक्त नवी खूण शोधावी लागली. कारण तरी काय? हवा तापली कीं फुगते, आणि टायर फुगला कीं त्याचा मधला भागच रस्त्याला घांसतो. हवा कमी पडली तर दोन्ही कडा घांसतात. ज्या दाबावर टायरची सगळी रुंदी सारखी टेंकते तो योग्य दाब. परभणी जिल्ह्यांतील मोटारचालक हें कोणत्याहि पुस्तकावांचून जाणतो. वैशाखांत पहाटे २५ अंश उष्णतेवर ३२ पौंड हवा भरलेलें चाक दुपारीं डांबरावर धांवून ६५ अंशांपर्यंत तापलें, तर त्याच हवेचा दाब ३८ पौंडांच्या घरांत जातो. म्हणून तो हवा थंड चाकाची पाहतो.

तयार मांडणीच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मम्मटानें काव्याचीं कारणें सांगतांना शक्तीच्या जोडीला निपुणता व काव्यज्ञांच्या शिकवणुकीनें होणारा अभ्यास यांनाहि स्थान दिलें आहे. आणि अभ्यासाचा आरंभ श्रेष्ठांच्या कृतींपासूनच होत असतो. नवशिक्या गवयाचा तंबोरा प्रथम गुरुच लावून देतात. ज्याच्यापाशीं रात्रीचा एकच तास मोकळा आहे त्यानें तो सगळा दांडे व स्प्रिंगा फिरविण्यांतच घालवावा, हा आग्रहहि अन्यायाचा होईल. पण गुरु तंबोरा लावतात तेव्हां शिष्य जवळ बसून ऐकत असतो, आणि एके दिवशीं गुरु तारा उतरवून वाद्य त्याच्या पुढ्यांत ठेवतात. विकत आणलेल्या मांडणीच्या तारा खेळाडूला स्वतः उतरवाव्या लागतील. शिवाय ती मांडणी ज्याच्या हातासाठीं केलेली असते त्याचा हात वेगळा. निष्णाताची गाडी मागून सैल असते, कारण तिचें शेपूट किंचित् सुटूं देऊनच तो वळण लवकर घेतो. तीच मांडणी नवख्याच्या हातीं दर दोन फेऱ्यांनीं गिरकी खाते. दुसऱ्याच्या पट्टींत गाणाऱ्या गळ्याची जी अवस्था होते तीच ही.

असें असतां, कर्त्यांचा स्वतःचा कांहीं अपराध आहे काय? आहे, असें म्हणावें लागतें. पहिला दोष हा कीं, ‘कोम्पेतित्सिओने’मध्यें दांड्यांचा ताठपणा आणि धक्काशोषकांची चाल नुसत्या पायऱ्यांनीं दाखविली आहे. तीन आहे तें चार केलें म्हणजे किती केलें, हें कळण्याचा मार्ग नाहीं. खऱ्या गाडींतहि अशाच पायऱ्या असतात हें खरें, पण तेथें शेजारीं अभियंता उभा असतो व त्याच्या वहींत त्या पायऱ्यांचा अर्थ लिहिलेला असतो. येथें खेळाडूला पायऱ्या मिळाल्या, वही मिळाली नाहीं. दुसरा दोष, खेळाबरोबर ‘निर्धोक’ व ‘आक्रमक’ अशा दोन तयार मांडण्या मिळतात, परंतु एकींतून दुसरीकडे जातांना काय बदललें व कशासाठीं, याचें विवेचन नाहीं. त्या दोन मांडण्यांमध्येंच एक उत्तम पाठ्यपुस्तक दडलेलें होतें. कर्त्यांनीं तें बंदच ठेविलें. मोटेक या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्रणालींत गाडीची इत्थंभूत नोंद पाहण्याची सोय त्यांनीं दिली, ही गोष्ट कौतुकास्पद आहे. पण ज्याला प्रश्नच विचारतां येत नाहीं त्याला उत्तरांचा ढीग काय कामाचा?

तिसरी उणीव कर्त्यांची नसून माध्यमाची आहे. खऱ्या गाडींत चालविणाराला मागचीं चाकें सुटूं लागल्याची वर्दी डोळ्यांच्या आधीं पाठीच्या कण्याला मिळते. खुर्चीवर बसलेल्याला ती मिळत नाहीं. हातांतल्या चक्राचा थरथराट, टायरांचा आवाज व पडद्यावरील चित्र यांवर त्याला निर्वाह करावा लागतो. म्हणून संगणकावर जी मांडणी सुखाची वाटते ती रस्त्यावर जशीच्या तशी चालेल, अशी हमी कोणी देऊं नये. तरीहि अनुकरण म्हणून हें सारें मिथ्या ठरत नाहीं. लुकास ओर्दोन्येस हा स्पॅनिश तरुण ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळावरून घेतलेल्या निवडस्पर्धेंत पहिला आला, आणि २०११ सालीं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत दुसरा आलेल्या गाडीच्या चालकांपैकीं तो एक होता. पडद्यावर मिळालेलें ज्ञान रस्त्यावर उतरूं शकतें, मधें रस्त्यावरील शिक्षणाची जोड मात्र द्यावी लागते, असा याचा तात्पर्यार्थ.

पण पूर्णेंतील मुलगा ल मांला जाणार नाहीं, हें त्याला व त्याच्या आईवडिलांना ठाऊक आहे. मग या विद्येचा त्याला उपयोग काय? माझ्या मतें त्याचें उत्तर गांवांतल्या गॅरेजांत शोधावें. मोटारीचें, ट्रॅक्टरचें, इंजिनाचें अपार ज्ञान आपल्या मिस्त्री लोकांच्या हातांत आहे, आणि त्यांच्यापाशीं त्याचे नेमके मराठी शब्दहि आहेत. पाटे बसले, गाडी एका अंगाला ओढते, चाक खातें, हे शब्द कोणत्या पदवीधराला सुचले नसते. उलट आमचा पदवीधर जें कांहीं या विषयावर वाचतो तें इंग्रजींत, आणि तें मनांत मराठींत मुरत नाहीं. या खेळाच्या निमित्तानें एखाद्या मुलानें मिस्त्रीच्या दुकानीं जाऊन ‘चाक आंतून कां खातें?’ असें विचारलें, आणि चाकांच्या कलाविषयीं त्यानें पडद्यावर जें पाहिलें तें त्या उत्तराशीं ताडून पाहिलें, तर हातांतलें ज्ञान व पुस्तकांतलें ज्ञान यांची गांठ पडेल. आपल्याकडे ती फार क्वचित् पडते, आणि त्याचा तोटा दोघांनाहि होतो: मिस्त्रीला आपलें ज्ञान लिहून ठेवतां येत नाहीं, आणि पदवीधराला आपलें ज्ञान वापरतां येत नाहीं.

तेव्हां एकंदरींत निर्णय असा: ‘अस्सेत्तो कोर्सा’ व त्याचा धाकटा भाऊ या प्रामाणिकपणें रचलेल्या कृति आहेत, आणि लक्ष देऊन खेळणाराला त्या निरीक्षण, वर्णन व निदान यांचें खरें शिक्षण देतात. तें शिक्षण चुकविण्याची सोयहि त्यांच्या अंगणांतच विकावयास बसलेली आहे. आईबापांनीं खेळ बंद करण्यापेक्षां शेजारीं खुर्ची ओढून बसावें व मुलाला एवढेंच विचारावें कीं, आज गाडींत काय बदललेंस, आणि कां? त्याला उत्तर देतां आलें तर त्याचा तास वायां गेला नाहीं. ‘हें असेंच ठेवतात’ असें तो म्हणाला, तर दुसऱ्या दिवशींहि तोच प्रश्न विचारावा.